लंडनची नाट्यसहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहलीची चौकशी करायला फोन आला की साधारण हेच प्रश्न येतात. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवलं आहे. सहलीचा आराखडा थोडक्यात असा: आठ रात्री, पाच नाटकं, जास्तीत जास्त सोळा माणसं, मुक्काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हॉटेलात. जायचे महिने जून किंवा सप्टेंबर.

ही लंडन दर्शनाची सहल आहे की फक्त नाटकांची?

नाटकांची. टॉवर ब्रिज, बिग बेन वाटेत दिसतील आणि कुणाला थांबून बघायचं असेल तर जरूर थांबू. पण दिवसाची आखणी होते ती संध्याकाळच्या प्रयोगाभोवती. लंडनचा वेस्ट एंड म्हणजे लेस्टर स्क्वेअर, शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू, कॉव्हेंट गार्डन, हेमार्केट आणि स्ट्रँड या भागात दाटीवाटीने उभी असलेली सुमारे चाळीस नाट्यगृहं. एकातून बाहेर पडलं की समोर दुसऱ्याची पाटी दिसते. थेम्सच्या दक्षिण काठावर नॅशनल थिएटर आणि शेक्सपिअरचं ग्लोब ही नाट्यगृहं आहेत. नाटक हा ज्यांचा जीव की प्राण आहे, त्यांना या एवढ्या टापूत आठ दिवस अपुरे पडतात.

आठ रात्री आणि नाटकं पाचच? दुपारचे प्रयोग धरले तर दहा सहज होतील की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो रास्त आहे. बहुतेक नाटकांचे आठवड्याला आठ प्रयोग होतात. संध्याकाळचे साधारण साडेसातला, शिवाय बुधवार किंवा गुरुवार आणि शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास. कागदावर दहा नाटकं बसतात. मीही पहिल्या सहलीत सात बसवली होती, आणि त्यातलं पहिलं तर विमानातून उतरलो त्याच संध्याकाळी.

उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. म्हणजे तिथे साडेसातला पडदा वर जातो तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचे बारा वाजलेले असतात. त्या दिवशी दुसरा प्रवेश सुरू होईपर्यंत आमच्या रांगेतल्या सहाजणांचे डोळे मिटले होते. शेजारच्या काकू स्वतःला चिमटे काढत जाग्या राहायची धडपड करत होत्या. मध्यंतरात त्या मला म्हणाल्या, "अरे, इतक्या वर्षांची इच्छा होती, आणि मला आज काहीच दिसलं नाही रे." ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यांचं नाटक मी चुकीच्या दिवशी ठेवून वाया घालवलं होतं.

तेव्हापासून नियम पक्के आहेत. उतरल्याच्या दिवशी नाटक नाही. एका दिवशी एकच नाटक. सलग दोन संध्याकाळी नाटक झालं की तिसरी मोकळी. प्रयोगाच्या दिवशी दुपारी दोन तास हॉटेलवर आडवं व्हायचं, हेही कार्यक्रमात लिहिलेलं आहे आणि मी ते गंभीरपणे घेतो. नाटक बघणं हे कष्टाचं काम आहे, परक्या भाषेत तर दुप्पट.

ती पाच नाटकं कोणती?

एक भव्य संगीत नाटक. 'ले मिझराब्ल' लंडनमध्ये १९८५ पासून, 'द फँटम ऑफ द ऑपेरा' १९८६ पासून आणि 'द लायन किंग' १९९९ पासून सुरू आहे. यांपैकी गटाचा कल कुठे आहे ते पाहून एक ठरवतो. ही नाटकं जुनी झाली म्हणून शिळी झालेली नसतात. नटसंच ठरावीक काळाने बदलतो आणि तालमी सतत चालू असतात.

दुसरं 'द माउसट्रॅप'. अगाथा ख्रिस्तींचं हे रहस्यनाट्य वेस्ट एंडला २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झालं आणि महामारीतली सक्तीची विश्रांती सोडली तर आजवर थांबलेलं नाही. १९७४ पासून ते सेंट मार्टिन्स थिएटरमध्ये आहे. आत शिरलात की लाकडी फलकावर आजचा प्रयोग कितवा ते लिहिलेलं असतं, आणि रंगमंचावर फायरप्लेसच्या वर जे घड्याळ दिसतं ते पहिल्या प्रयोगापासून तिथे आहे. माणसं बदलली, नेपथ्य बदललं, ते घड्याळ राहिलं. मी दर वेळी आधी तेच शोधतो. शेवटी एक नट पुढे येऊन विनंती करतो की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आमच्या गटातल्या कुणी आजवर सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगणार नाही असं गृहीत धरतो.

तिसरं नॅशनल थिएटरमधलं, चौथं ग्लोबमधलं. पाचवं आम्ही इथून ठरवत नाही. त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

माझं इंग्रजी कामापुरतंच आहे. नाटक कळेल का?

कळेल, पण थोडी तयारी हवी. आणि ती तयारी आम्ही करून घेतो.

निघण्यापूर्वी चार रविवार आपण ऑनलाइन भेटतो. संगीत नाटकाची गाणी आधी ऐकून ठेवायची. 'ले मिझराब्ल'मध्ये तर जवळजवळ सगळं गाण्यातूनच घडतं, बोलणं अगदी थोडं. ज्याने गाणी चार वेळा ऐकली आहेत त्याला तिथे एकही शब्द अडत नाही. शेक्सपिअर असेल तर कथानक प्रवेशागणिक मराठीत सांगतो. शेक्सपिअरचं कथानक आधी कळल्याने रसभंग होत नाही. त्याच्या काळच्या प्रेक्षकालाही बऱ्याच गोष्टी ठाऊकच असत. नॅशनल थिएटरच्या नाटकाची संहिता छापून आलेली असेल तर ती मागवतो आणि त्यातले दोन प्रवेश मोठ्याने वाचतो. फक्त 'माउसट्रॅप'बद्दल काहीही सांगत नाही.

खरी अडचण शब्दांची नसते, उच्चारांची आणि वेगाची असते. पहिली दहा मिनिटं कान बिचकतात. त्या दहा मिनिटांत घाबरून "आपल्याला नाही जमणार" असं ठरवून टाकू नका. नटाचे डोळे बघा, कोण कुणाकडे पाठ फिरवतो ते बघा. कान हळूहळू सरावतात. माझा अनुभव असा की मध्यंतरानंतर "आता सगळं कळायला लागलं" असं सांगणारे निम्म्याहून जास्त असतात.

शिवाय काही ठरावीक प्रयोगांना रंगमंचाच्या कडेला पडद्यावर संवाद उमटतात. नॅशनल थिएटरने २०१८ मध्ये असे चष्मे आणले ज्यांच्या काचेवर संवाद वाचता येतात. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी ही सोय मुळात केलेली आहे, पण परभाषक प्रेक्षकालाही तिचा मोठाच आधार होतो. तारखा जुळल्या तर आम्ही असाच प्रयोग निवडतो.

आम्हाला जागा कुठल्या मिळतील?

यावर मी बराच वेळ घालवतो, कारण चुकीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने अर्धंच नाटक पाहिलेलं असतं.

तिथे तळमजल्याला स्टॉल्स म्हणतात, त्यावरच्या मजल्याला ड्रेस सर्कल किंवा रॉयल सर्कल, त्यावर अपर किंवा ग्रँड सर्कल, आणि काही ठिकाणी त्याच्याही वर बाल्कनी. आपल्याकडे पहिल्या रांगांचा मान मोठा, म्हणून सगळे पुढचीच जागा मागतात. पण वेस्ट एंडमधल्या बऱ्याच वास्तू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या आणि विसाव्याच्या पहिल्या दशकांतल्या आहेत. रंगमंच उंच असला की अगदी पुढच्या रांगेतून नटांचे पाय दिसत नाहीत, आणि समूहनृत्याची रचना तर अजिबात दिसत नाही. मोठ्या संगीत नाटकाला ड्रेस सर्कलच्या पहिल्या चार-पाच रांगा मला सगळ्यात आवडतात. 'लायन किंग' हा अपवाद, कारण त्याच्या सुरुवातीच्या गाण्यात प्राण्यांची मिरवणूक स्टॉल्सच्या खुर्च्यांमधल्या वाटेने येते. हत्ती आपल्या खांद्याजवळून जाण्याचा अनुभव वरून मिळत नाही. मोजकं बोलणं आणि बारीक अभिनय असलेल्या नाटकाला स्टॉल्सची सहावी ते बारावी रांग उत्तम.

टाळायच्या जागाही सांगतो. वरचा मजला पुढे झुकलेला असतो, त्याच्याखाली स्टॉल्सच्या शेवटच्या रांगांतून रंगमंचाचा वरचा भाग कापला जातो. खांबामागच्या जागा स्वस्त असतात आणि तिकिटावर तसं लिहिलेलं असतं. अगदी वरच्या मजल्याला उतार इतका तीव्र असतो की उंचीची भीती असलेल्याला तिथे बसवतच नाही, आणि उंच माणसाचे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात. नोंदणीच्या अर्जात तुमची उंची आणि उंचीची भीती दोन्ही विचारलेली आहेत, ती यासाठी.

गुडघ्यांचा त्रास आहे. जिने किती असतील?

असतील, हे आधीच सांगतो. जुन्या नाट्यगृहांत लिफ्ट असेलच असं नाही. गंमत म्हणजे कित्येक ठिकाणी रस्त्यावरून आत गेलं की स्टॉल्स खाली, तळघराच्या पातळीला असतात आणि ड्रेस सर्कल त्यामानाने जवळ पडतं. त्यामुळे "मला तळमजलाच द्या" म्हणण्याआधी विचारा. प्रत्येक नाट्यगृहाचा पायऱ्यांचा हिशेब आमच्याकडे लिहिलेला असतो. चाकाच्या खुर्चीची जागा हवी असेल तर लवकर कळवावं लागतं, कारण अशा जागा मोजक्या असतात. नॅशनल थिएटरची वास्तू १९७६ची, तिथे लिफ्ट आहेत आणि हा प्रश्न येत नाही.

भुयारी रेल्वेबद्दलही एक सूचना. कॉव्हेंट गार्डन स्टेशनवर लिफ्टची रांग मोठी दिसली म्हणून जिन्याने निघू नका. तिथे १९३ पायऱ्या आहेत. आम्ही लेस्टर स्क्वेअरला उतरून चालत जातो, अंतर तीनशे मीटरसुद्धा नाही.

ग्लोबमध्ये खरंच तीन तास उभं राहायचं?

ज्यांना जमेल त्यांनी उभं राहावं, असं मी मनापासून सांगेन.

मूळ ग्लोब १५९९ मध्ये उभं राहिलं. १६१३ मध्ये एका प्रयोगात तोफ उडवली, ठिणगी गवताच्या छपरात शिरली आणि सगळं जळून गेलं. एका प्रेक्षकाच्या विजारीने पेट घेतला तो म्हणे बियर ओतून विझवला. आजचं ग्लोब मूळ जागेच्या जवळच, त्या काळच्या पद्धतीने बांधलं आणि १९९७ मध्ये उघडलं. सॅम वॅनामेकर या अमेरिकी नटाने त्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं खर्ची घातली, पण पूर्ण झालेलं पाहायला तो राहिला नाही. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये गवती छप्पर घालायची परवानगी मिळालेली ही पहिली इमारत.

मधल्या अंगणावर छप्पर नाही. तिथे सातशे माणसं उभी राहतात, दिवसाउजेडी, नटांच्या अगदी पायाशी. तिकीट अगदी स्वस्त. नट तुमच्याकडे बघून बोलतो, तुमच्यातून वाट काढत येतो. एका सहलीत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी पहिल्याच रांगेत रंगमंचाच्या कडेवर दोन्ही कोपरं टेकून उभ्या होत्या. पाऊस आला. त्यांनी प्लॅस्टिकचा रेनकोट डोक्यावरून ओढला आणि जागा सोडली नाही. वर राजा भिजत नव्हता, त्याच्या डोक्यावर रंगमंचाचं छत होतं, आणि खाली या चिंब. मध्यंतरात त्यांना बाकावर बसायला सुचवलं तर म्हणाल्या, "आता कुठे तो माझ्याशी बोलायला लागलाय."

छत्री उघडायला तिथे मनाई आहे, कारण मागच्याला दिसत नाही. प्रयोग चालू असताना अंगणात खाली बसताही येत नाही. पण उभं राहणं झेपणार नसेल तर भोवतीच्या सज्ज्यांत लाकडी बाक आहेत आणि भाड्याने उशी मिळते. आम्ही दोन्ही प्रकारची तिकिटं काढतो. कुणाला कशाचं हवं ते आधी सांगा.

उघड्यावरचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असतो. जून-सप्टेंबर हे महिने निवडण्याचं तेही एक कारण.

उशीर झाला तर आत सोडतात का?

लगेच नाही. योग्य जागा येईपर्यंत बाहेर थांबवतात, आणि ती जागा कधीकधी थेट मध्यंतर असते. आपल्याकडे तिसरी घंटा झाल्यावरही दारातून लोक येत राहतात आणि टॉर्च फिरत राहतो. तिथे साडेसात म्हणजे साडेसात. आपण सव्वासहाला हॉटेल सोडतो आणि सातला जागेवर असतो. बॅगा तपासल्या जातात, मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे खरेदीच्या पिशव्या घेऊन थेट नाट्यगृहावर येऊ नका.

आणि लवकर पोचण्यात तोटा काहीच नाही. वास्तू बघा, छतावरचं नक्षीकाम बघा, नाटकाची माहितीपुस्तिका घ्या. लंडनमध्ये पुस्तिका विकत घ्यावी लागते. दोघांत एक पुरते.

मध्यंतरात काय मिळतं?

मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचं. बटाटेवडा नाही, पण आइस्क्रीम हटकून. छोटा डबा आणि त्याच्या झाकणातच ठेवलेला चमचा. नाट्यगृहात आइस्क्रीम खाणं ही तिथली जुनी रीत आहे. पेय हवं असेल तर प्रयोगाआधीच मागणी नोंदवता येते, म्हणजे रांग लागत नाही.

जेवण मात्र आधी उरकायचं. त्या भागातली बरीच उपाहारगृहं संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळात प्रेक्षकांसाठी ठरलेल्या दरात झटपट जेवण देतात. शाकाहारी पदार्थ जवळपास सगळीकडे मिळतात, जैन जेवणासाठी आधी बोलून ठेवावं लागतं.

जुन्या नाट्यगृहांत स्त्रियांची स्वच्छतागृहं कमी आहेत आणि रांग लांब लागते. मध्यंतराचा उजेड झाला की लगेच उठा, बोलणं नंतर. ज्या जागेवर बसून राहतील त्यांनी समोर लक्ष ठेवा. मध्यंतरात एक जाड, सपाट पडदा सावकाश खाली उतरतो. तो आगीपासूनचा बचाव आहे, रंगमंच आणि प्रेक्षागृह वेगळं करणारा. पूर्वी लंडनची नाट्यगृहं वारंवार जळत, त्यातून हा नियम आला. प्रत्येक प्रयोगाला तो प्रेक्षकांसमोर उतरवून दाखवतात.

कपडे कसे?

स्वच्छ आणि आरामाचे. पैठणी नेसून आलात तरी छान, जीन्स घातलीत तरी कुणी वळून बघत नाही. वरच्या मजल्यांवर उकडतं, म्हणून एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे घ्या.

फोटो काढता येतात?

प्रयोग सुरू होण्याआधी वास्तूचे काढा. प्रयोग चालू असताना फोन बंद. नुसता आवाज बंद नव्हे, पूर्ण बंद. अंधारात एका पडद्याचा उजेड मागच्या दहा रांगांना दिसतो. या बाबतीत मी कुणाचीही भीड धरत नाही.

ज्या नटासाठी तिकीट काढलं तोच त्या दिवशी नसला तर?

असं होऊ शकतं, आणि पैसे सहसा परत मिळत नाहीत. आठवड्याला आठ प्रयोग करणारा नट आजारी पडतो, सुट्टी घेतो. त्याच्या जागी जो उभा राहतो तो बदली कलाकार असतो, पण 'कामचलाऊ' हा शब्द त्याला लावू नका. काही जणांना एकाच नाटकातल्या पाच-सहा भूमिका तोंडपाठ असतात आणि दुपारी फोन आला की संध्याकाळी त्यांतली कुठलीही ते उभी करतात. आयुष्यभर संधीची वाट बघणारा माणूस त्या रात्री सगळं पणाला लावून काम करतो. नावं दर्शनी भागातल्या फलकावर लावतात, ती वाचा आणि शेवटी त्या कलाकारासाठी जरा जास्त टाळ्या वाजवा.

पाचवं नाटक आधी का ठरवत नाही?

कारण ठरवण्यातही मजा आहे, आणि ती तुमच्या वाट्याला यावी. लेस्टर स्क्वेअरच्या बागेला लागून टीकेटीएस नावाची तिकीट खिडकी आहे. लंडनच्या नाट्यगृहांची संघटनाच ती १९८० पासून चालवते. त्या दिवसाची आणि पुढच्या एक-दोन दिवसांची उरलेली तिकिटं तिथे बऱ्याचदा सवलतीत मिळतात. सकाळी आपण फलकासमोर उभे राहतो आणि जो तो आपलं नाटक निवडतो. कुणी विनोदी, कुणी एकपात्री, कुणी पबच्या माडीवरच्या साठ खुर्च्यांच्या खोलीतलं. चार-चारचे गट वेगवेगळ्या दिशांना जातात आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला चार नाटकांची हकीकत ऐकायला मिळते. एकट्याने जायची इच्छा असेल तर तसंही जा, परतीची वाट लिहून देतो.

या परिसरात इतरही बरीच दुकानं "अर्ध्या किमतीत तिकीट" अशी पाटी लावतात. तिकडे वळू नका. स्वतःहून कधी काढायचं झालं तर थेट नाट्यगृहाच्या खिडकीवर किंवा तिकीट विक्रेत्यांच्या 'स्टार' या संघटनेचं चिन्ह असलेल्या ठिकाणी काढा.

रात्री परत कसं यायचं?

प्रयोग साधारण दहा-सव्वादहाला सुटतात. हॉटेल रसेल स्क्वेअरच्या आसपास असतं, म्हणजे बहुतेक नाट्यगृहांपासून पंधरा ते पंचवीस मिनिटं पायी. जूनमध्ये त्या वेळी आकाशात थोडा उजेड शिल्लक असतो आणि चालणं सुखाचं होतं. थकलेल्यांसाठी बस आणि भुयारी रेल्वे आहेच. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. प्रत्येकाकडे स्वतःचं स्पर्शाने चालणारं बँक कार्ड किंवा लंडनच्या बस-रेल्वेचं ऑयस्टर कार्ड हवं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. रेल्वेत चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना.

दिवसा काय करायचं?

तेही नाटकाशी धरूनच. नॅशनल थिएटरच्या रंगमंचामागची फेरी मी कधीच चुकवत नाही. नेपथ्य रंगवणारी माणसं, अर्धवट शिवलेले पोशाख, आणि तिथल्या ऑलिव्हिए रंगमंचाखालचं ते महाकाय फिरतं नळकांडं, ज्यावरून आख्खं घर जमिनीतून वर येतं. साउथ केन्सिंग्टनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयात रंगभूमीचं स्वतंत्र दालन आहे आणि प्रवेशाला पैसे लागत नाहीत. कॉव्हेंट गार्डनमधल्या सेंट पॉल्स चर्चला नटांचं चर्च म्हणतात. आतल्या भिंतींवर रंगभूमीवरच्या माणसांच्या स्मृतिपाट्या आहेत. तिथे गट आपोआप शांत होतो. स्ट्रँडवरचं सॅव्हॉय थिएटर बाहेरून तरी दाखवतोच, कारण १८८१ मध्ये पूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलेली ती जगातली पहिली सार्वजनिक वास्तू. त्याआधी रंगमंचावर गॅसच्या ज्योती जळत.

मी एकटी येऊ का? आणि मुलांना आणता येईल का?

एकट्या येणाऱ्या स्त्रिया आमच्या प्रत्येक गटात असतात. खोली कुणाबरोबर घ्यायची असेल तर जोडी लावून देतो, स्वतंत्रही मिळते. मुलं बारा वर्षांच्या पुढची असतील आणि त्यांना स्वतःला यायचं असेल तर जरूर आणा. फार लहान मुलांना बऱ्याच नाट्यगृहांत प्रवेशच नसतो.

व्हिसा आणि तिकिटं, आधी काय?

इथे वेळेचा पेच आहे. पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्याआधी नाही. नाटकाच्या चांगल्या जागा मात्र सहा-सहा महिने आधी जातात. गटासाठी नाट्यगृहं वेगळे दर देतात, बहुतेक ठिकाणी आठ-दहा जणांपासून पुढे आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांना. त्यासाठी जागा आधी राखून ठरलेल्या तारखेला पैसे भरायचे असतात. म्हणून आम्ही तिकिटं आधी घेतो. कुणाचा व्हिसा आला नाही तर त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला देतो आणि पैसे परत करतो. यादीत कुणीच नसेल तर तिकिटाची रक्कम जाते. हे नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगतो आणि अर्जावरही लिहिलेलं आहे.

खर्चात काय धरलेलं आहे?

हॉटेल, नाश्ता, चार नाटकांची तिकिटं, नॅशनल थिएटरची फेरी, विमानतळावरून येणं-जाणं. पाचव्या नाटकासाठी ठरावीक पौंड हातात देतो, त्याहून महाग तिकीट हवं असेल तर वरची भर तुमची. लोकप्रिय नाटकांच्या चांगल्या जागा सहज १०० पौंडांच्या वर जातात, त्यामुळे एकूण खर्चाचा मोठा वाटा तिकिटांचा आहे. विमान, व्हिसा, विमा आणि दोन वेळचं जेवण वेगळं.

गाइड म्हणून तुम्ही बरोबर असता ते नेमकं कशासाठी?

वाट दाखवायला, तिकिटं सांभाळायला, हे तर आहेच. पण मला महत्त्वाचा वाटतो तो नाटकानंतरचा पाऊण तास. हॉटेलच्या बैठकीत चहा मिळतो, तिथे आपण बसतो. पहिला नियम एवढाच की "आवडलं" किंवा "नाही आवडलं" म्हणायचं नाही, काय दिसलं ते सांगायचं. कुणाला एक हालचाल आठवते, कुणाला दिव्याचा रंग. एकदा एका निवृत्त शिक्षकांनी फक्त नटीने कोट कसा काढला एवढंच करून दाखवलं, आणि त्या कोटावर आम्ही साडेबारापर्यंत बोलत होतो. ज्यांना झोप आली आहे त्यांनी खुशाल जावं.

नाव नोंदवताना काय कळवायचं?

पासपोर्टची मुदत, उंची, गुडघ्यांची आणि कानांची स्थिती, पथ्य, ग्लोबला उभं राहायचं की बसायचं. आणि अर्जातला शेवटचा रकाना रिकामा सोडू नका: तुम्ही अलीकडे पाहिलेलं एक नाटक आणि त्यातला तुमच्या लक्षात राहिलेला एक प्रसंग. कोणाला कुठे आणि कोणाशेजारी बसवायचं हे मी त्यावरून ठरवतो.